मानेवरचा गुंता

सातवीपर्यंत माझे कुरळे केस म्हणजे मला एक रोजचं दुखणंच वाटायचं. सकाळी शाळेच्या आधी आई मला गुडघ्यांत धरून बसवायची आणि कोरड्या केसांत लाकडी फणी घालायची. फणीचे दात मोडायचे, माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि कशाबशा दोन वेण्या होऊन त्यांना लाल रिबिनी लागायच्या. आई जळगावची, मॅट्रिक झालेली, सरळ केसांची. आम्ही राहायचो वडिलांच्या गावी, धुळ्यापासून एसटीनं तासाभरावर. कुरळेपण त्यांच्याकडून आलेलं, पण त्यांचे केस बारीक कापलेले असत, त्यामुळे त्यांना कुणी काही म्हणत नसे.

सातवीच्या हिवाळ्यात मला विषमज्वर झाला. तीन आठवडे मी पुढच्या खोलीत पडून होते. खोलीत वेचलेला कापूस छताला टेकला होता आणि त्याच्या कडेला माझी खाट. आईला सातवा महिना लागला होता. कपाळावर पट्ट्या ठेवणं, औषध पाजणं, घरचं सगळं करणं, यात माझे केस विंचरायला तिला सवड नव्हती आणि विंचरून घ्यायची ताकद मला नव्हती. ताप उतरल्यावर तिनं मला पहिल्यांदा उठवून बसवलं, मानेमागे हात नेला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

मी स्वतः चाचपून पाहिलं. मानेवर मुठीएवढा घट्ट गोळा होता. काथ्याच्या दोरखंडासारखा लागत होता हाताला.

शेजारची अक्का तेवढ्यात मुगाची खिचडी घेऊन आली. म्हातारी, पण काटक. तापात माझे पाय चेपून दिले होते ते तिनंच. तिनं वाकून गोळा पाहिला आणि डोक्यावर पदर घेतला.

"जट शे ही. देवीनी शे. आते हिले फणी लावू नको, कातर बी लावू नको."

"अक्का, गुंता आहे हो," आई म्हणाली. "मीच विंचरलं नाही इतके दिवस."

"नही माय. तुना पोटमा लेकरू शे. भलतंच करू नको."

मग तिनं सांगितलं, की तिच्या माहेरी एका घरात पोरीची जट कापली आणि महिन्याच्या आत त्याच घरातल्या सुनेचं सात महिन्यांचं पोट रिकामं झालं. हे सांगताना अक्काचा स्वतःचा आवाज कापत होता. ती आम्हाला घाबरवत नव्हती, तीच घाबरलेली होती. जाताना तिनं माझ्या मानेवरच्या गोळ्याला हळदीकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. उंबऱ्यात चपला काढायच्या, खाटेपाशी येऊन वाकायच्या आणि माझ्या पायांना हात लावायच्या. माझ्या आईपेक्षा मोठ्या बायका! मी पाय पोटाशी ओढून घ्यायचे. एकीनं तर आपलं खोकणारं तान्हं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हात फिराव." मी हात फिरवला. ते बाळ बरं झालं नाही तर, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

आठवडे बाजारात एक बाई यायची. कमरेपर्यंत लोंबणारी जट, हातात परडी, कपाळभर कुंकू. लोक तिला जोगवा घालायचे, पण तिच्याशी कुणी बोलताना मी पाहिलं नव्हतं. आता डोळे मिटले की तीच दिसायची. शाळा सुटेल, मैत्रिणी लांबून पाया पडतील, आणि मी परडी घेऊन हिंडेन. हे मी कुणालाच सांगितलं नाही. वडील म्हणाले, बाळंतपण होऊ द्या, मग गडावर जाऊन देवीला विचारू. तोपर्यंत हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशी वडील शेतात गेल्यावर आईनं दार लावून घेतलं. खोबरेल तेलाची वाटी आणि स्वेटर विणायची सुई घेऊन ती माझ्यामागे बसली.

"आई, नको. बाळाला..."

"गप्प बस. मान खाली घाल."

तिनं गोळा तेलात भिजवला आणि सुईच्या टोकानं एकेक केस सोडवायला लागली. बोंडातून कापूस काढावा तसं, न तोडता. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मध्येच ती थांबायची, पोटावर हात ठेवायची आणि बाळ हललं की पुन्हा सुरू करायची. त्या दुपारी बोटभर गुंता सुटला. दुसऱ्या दुपारी निम्म्यापर्यंत आलो. आणि मग तिच्या हातातून सुई पडली.

मी वळून पाहिलं. आई भिंतीला टेकून ओठ चावत होती. तिच्या पोटात कळा येत होत्या.

मी शेताकडे पळत सुटले. वडिलांनी कुणाची तरी जीप आणली. जीपमध्ये बसण्याआधी आईनं माझ्या डोक्याला स्कार्फ बांधला आणि कानात म्हणाली, "कुणाला सांगू नकोस." जीप धुळ्याच्या रस्त्याला लागली आणि मी घरात एकटी उरले.

मला एकच सुचलं. मी देवघरापुढे बसले, स्कार्फ सोडला आणि सुटलेले केस दोन्ही तळव्यांमध्ये धरून घासायला लागले. सगळं पुन्हा होतं तसं करायचं, म्हणजे आई परत येईल. तेलकट केस चिकटत होते, पिळले जात होते, पण मनासारखा गोळा होत नव्हता. मी रडत होते आणि घासत होते.

"काय करी राहिनी वं पोरी?"

अक्का मागच्या दारानं आली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. आईनं सोडवलं ते, कळा आल्या ते. "मी जट परत करतेय," मी म्हणाले. "देवीला कळायच्या आत."

आता अक्का ओरडेल असं मला वाटलं. ती खाली बसली, माझे हात केसांतून काढले आणि गोळा चाचपायला लागली. खालचा भाग तापातला, वरचा मी आत्ता केलेला. दोन्ही हाताला सारखेच लागत होते.

"यामा देवीनं कोनतं आनि तुनं कोनतं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

मग उठून तिनं देवीला कुंकू वाहिलं, हात जोडले, ओठ हलवले. आणि माझ्याकडे वळली.

"आठे बठ. तेल कोठे शे?"

दिवेलागणीपर्यंत ती तेल लावून बोटांनी पीळ सोडवत राहिली. गल्लीत गाडीचा आवाज आला की आम्ही दोघीही दचकायचो. तिची नखं जाड होती, पण हात आईपेक्षा स्थिर. शेवटचा पीळ सुटला तेव्हा तिच्या मांडीवर गळालेल्या केसांचा पुंजका होता. मानेला इतक्या दिवसांनी वारं लागलं, तरी मला हलकं वाटेना. आईची काहीच खबर नव्हती.

वडील दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आले, एकटेच. त्यांनी तांब्याभर पाणी पिईपर्यंत मी दाराचं कडं धरून उभी होते. मग ते म्हणाले, कळा थांबल्यात, बाळ हलतंय, दोन दिवसांत सोडतील, पण बाळंतपणापर्यंत तिला उठायला बंदी आहे. माझ्या मोकळ्या मानेकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी अक्काकडे पाहिलं. "मी सोडाई टाकी," अक्का म्हणाली, आणि वडील आईचे कपडे भरायला आत गेले.

आई परत आली ती दवाखान्यातल्या एका सिस्टरचा सल्ला घेऊन. त्या बाईचे केस माझ्यासारखेच होते. कुरळे केस कोरडे विंचरायचेच नाहीत, ओले असताना थोडं तेल लावून बोटांनी सोडवायचे, टोकाकडून सुरुवात करून वर यायचं, आणि फणी घ्यायचीच तर मोठ्या दातांची. खाटेवर पडल्या पडल्या आई सांगायची आणि अक्का करायची. मला पहिल्यांदाच कळलं, की केस विंचरताना रडावंच लागतं असं नाही. होळीनंतर मला बहीण झाली, धडधाकट. ती हातीपायी धड आहे हे मी तिची बोटं मोजून स्वतः पाहिलं, तेव्हा कुठे मी नीट जेवले.

पुढे नव्वदीच्या सुरुवातीला मी डी.एड.ला धुळ्यात वसतिगृहावर राहिले. तिथं वेण्या सोडल्या. केस धुवायचे, बोटांनी सोडवायचे आणि मोकळे वाळू द्यायचे. मुली कौतुकानं हात लावायच्या. मला आवडायचं, पण कुणाचा हात मानेकडे सरकला की अंग आखडून यायचं. ते अजूनही गेलेलं नाही.

एका सुट्टीत मी मोकळ्या केसांनीच गावी गेले. अक्काला दिसायला कमी झालं होतं. तिनं माझं डोकं जवळ ओढून केस हातानंच पाहिले. मी तिला विचारलं, "अक्का, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली?"

"वाटनी ना! रातभर झोप नही उनी. तुनी माय येस का नही, येवढंच डोकामा."

"मग का सोडवलंस?"

तिनं थोडा विचार केला. "तू रडी राहिंती ना," ती म्हणाली, आणि उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या उलथायला उठली.