नऊ नंबरची विहीर आणि धुतलेल्या बाटल्या

पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत त्याला सगळे बाटलीमामा म्हणत. दारूला तो शिवतही नसे. पण सव्वीस वर्षं दोन्ही खांद्यांना रिकाम्या बाटल्या लटकावून विहिरी हुंगत फिरणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? पाणी भरून आणायचं आणि बाटल्या धुवायच्या, एवढंच त्याचं काम. साबणावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. नारिंगी रंगाच्या जहाल ॲसिडात बाटली बुडवायची, मग सात पाण्यांनी खळबळायची. "माझ्या बाटलीत जे निघेल ते विहिरीचं, बाटलीचं नव्हे," असं तो प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. बायको म्हणे, घरातला एक पेला विसळायला सांगितला की ह्यांची कंबर धरते.

त्या वर्षी विहिरींत क्रोमियम नावाचं विष निघालं. संशयित तीन : चामड्याचा कारखाना, नळांना चकाकी चढवणारं वर्कशॉप आणि कचरा डेपो. तिघंही एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडून मोकळे. मग संगणक घेऊन एक तरुण मॅडम आल्या. जमिनीखालचं पाणी कुठून कुठं, किती वेगानं सरकतं ते गणितात बसवायचं, तिन्ही जागांहून संगणकातच घाण सोडून बघायची आणि चाळीस विहिरींतल्या आकड्यांशी ताडायचं.

"म्हणजे एका पातेल्यात तीन सुनांनी मीठ टाकलंय," मामा म्हणाला, "आणि कुणी किती ते तुम्ही चव घेऊन सांगणार."

"अगदी तसंच. फक्त सुना कबूल होत नाहीत."

एकोणचाळीस विहिरी जुळल्या. नऊ नंबरची काही केल्या जुळेना. ती मामाच्या थोरल्या बहिणीच्या अंगणात होती, तिन्ही संशयितांच्या वरच्या अंगाला. पाणी काही चढ चढत नाही. तरी तिथं क्रोमियम दुप्पट.

साहेब म्हणाले, "बाटली नीट धुतली नसेल."

मामाला हे फार झोंबलं. तो तडक ताईकडे गेला.

"परत आलास? पाणी पळून जाईल म्हणून पहारा देतोस की काय?" ताईनं चहा पुढे केला.

त्यानं घोट घेऊन नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. "तुझ्या हाताला चवच नाही, ताई."

"मग गिळतोस कशाला?"

नव्या बाटलीतही आकडा तोच निघाला. "बाटली खरी धरली तर चौथी जागा हवी," मॅडम म्हणाल्या आणि नकाशावर एक ठिपका सरकवू लागल्या. ठिपका ताईच्या घरावरून वर चढत गेला, थांबला, आणि नऊ नंबर चपखल जुळला. मॅडमनी नकाशा मोठा केला. "मामा, हे तर आपल्या प्रयोगशाळेचंच मागचं अंगण. तिथं काय आहे?"

तिथं पत्र्यानं झाकलेली कोरडी विहीर होती. वापरून झालेलं नारिंगी ॲसिड दर शनिवारी मामा तिच्यातच ओतायचा. तो उठला, कपाटातली बरणी काढली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यावरची चिठ्ठी वाचली. तो नारिंगी रंगच क्रोमियमचा होता.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "पाच महिन्यांत निवृत्त होताय तुम्ही. नमुना चुकला म्हणून सही करा, नऊ नंबर वगळू. तुम्ही सुटलात, ऑफिसही सुटलं."

"आणि ताईनं तेच पाणी पीत बसायचं?"

साहेबांनी अर्ज पुढे सरकवला.

"ओतलं मी, ते माझ्या माथी मारा," मामा म्हणाला. "पण बाटली घाण होती असं माझ्या हातून लिहून होणार नाही." ह्यात बहिणीची माया किती आणि बाटलीचा तोरा किती, हे मॅडमच्या संगणकालाही सांगता आलं नसतं. त्यानं अर्जावर लिहिलं : नमुना बरोबर. चौथी जागा, प्रयोगशाळेची मागची विहीर. ओतणारा, मी. आणि सही ठोकली.

ताईच्या विहिरीला कुलूप लावायलाही तोच गेला. ताईला त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं तू माझ्या चहाला नावं ठेवलीस, आणि घाण तुझीच?"

"हो."

"उद्या मला दवाखान्यात नेऊन तपासून आण. दोन्ही वेळचं पाणी तुझ्या घरून भरून आणायचं." तिनं पेल्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "आणि हे विसळ. साबणानं."