पळसाचा पार

आमच्या गावातल्या पळसाबद्दल मी पुष्कळ लिहिलं, भाषणंही केली. त्यात एक गोष्ट कुठेच नाही. ती आज तुम्हाला सांगते — याआधी कुणाला सांगितलेली नाही.

गाव बदनापूरजवळ. पळस शाळेसमोर होता. फाल्गुनात त्याच्यावर पान नसायचं, नुसती केशरी फुलं. मधासाठी साळुंक्यांची भांडणं सकाळीच सुरू. फुलं उकळून आम्ही रंगपंचमीचा रंग करायचो. पानांच्या पत्रावळी गयामावशी लावायच्या, साऱ्या गावाच्या पंगतींसाठी. थंडीत त्या विळ्यानं खोडाला बारीक चरे पाडत. त्यातून येणारा लाल डिंक बाळंतिणींच्या लाडवांसाठी घरोघर जाई.

माझे वडील चळवळीतले. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. तिथे शिकले की प्रत्येक अन्यायाला एक गुन्हेगार असतो आणि त्याचं नाव ठळक छापायचं असतं. हे चूक आहे का? मला अजूनही तसं वाटत नाही. म्हणूनच पुढचं सांगणं अवघड आहे.

रस्ता रुंद होणार आणि पळस जाणार, असं कळलं तेव्हा आम्ही मंडळ काढून लढलो. झाड वाचलं. मग त्याला सिमेंटचा पार बांधायचं ठरलं — आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे पार बांधायचा, देव असो की झाड. उद्घाटनाचे पाहुणे ठरले होते. पाया खणताना गवंड्यानं मला बोलावलं.

“ताई, मुळ्या लई आडव्या येऊन राह्यल्या. तोडू, का पार लहान करू?”

मुळ्या मांडीएवढ्या जाड होत्या. मी त्या नीट पाहिल्या — पाहिल्याच नाहीत असं म्हणायची सोय नाही. पार लहान केला असता तर आमच्या मंडळाच्या नावाचा दगड बसला नसता.

“तोडा,” मी म्हणाले.

पुढच्या फाल्गुनात झाड एकाच बाजूनं फुललं. त्यानंतरच्या फाल्गुनात अजिबात नाही. लोक मला विचारू लागले. मला कारण माहीत होतं का? होतं. पण गवंडी तोवर कामासाठी दूर गेला होता, आणि खोडावर विळ्याचे चरे सगळ्यांना दिसत होते.

मी पत्रक लिहिलं. ‘पळसाचा मारेकरी कोण?’ आणि खाली गयामावशींचं नाव.

पत्रक चांगलं जमलं होतं. कुणीतरी ते पारावरच मोठ्यानं वाचलं. गयामावशी ऐकत उभ्या होत्या.

“नाव छापलंस माय, आता फोटो बी छाप. म्हंजे पोलिसाला बराबर सापडंन मी.”

लोक हसले. मीही हसले. मग त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “माही सासू बी ह्याच झाडाचा डिंक काढायची. तवा न्हाई मेलं ते?”

“दिवस बदललेत, मावशी,” मी म्हणाले. याला उत्तर म्हणतात?

त्यानंतर त्यांना पानांसाठी कुणी आपल्या बांधावर येऊ देईना. त्यांचा डिंक घेईना. पंगतींना कागदाची ताटं आली. यात माझं नुकसान काहीच झालं नाही — उलट मला भाषणांना बोलावू लागले.

यंदा गावातल्या एका लग्नात मी भात वाढत होते. ओळीत गयामावशी बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. त्यांच्या मागून कुणा पाहुणीनं शेजारणीला विचारलं, ही कोण? “ती न्हाई का, झाड मारलेली,” शेजारीण म्हणाली. मावशींनी ते ऐकलं. मान वळवली नाही. मी समोरच होते, हातात भाताचं भांडं. एका वाक्याचं काम होतं.

मी त्यांना भात वाढला.

“बास, माय,” त्या म्हणाल्या.

मी पुढच्या ताटाकडे गेले.