अण्णाची छिन्नी आणि माझं लेझर

नावाच्या पाट्यांच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. पितळेचा कीस कसा रोज झाडला तरी टेबलाखाली सापडतोच, तसे ते साठत जातात. माणसाला नुसतं विचारा, "पाटीवर काय घालायचं?" तो खुर्ची ओढून बसतो आणि आजोबांपासून सुरुवात करतो!

हेब्बाळच्या मागच्या एका गल्लीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. गिऱ्हाइकंही त्याला अण्णाच म्हणतात. चाळीस वर्षं त्याने छिन्नी-हातोडीने पितळेवर नावं कोरली. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला, आणि मी लेझर मशीन आणलं.

मशीन आलं त्या दिवशी अण्णाने त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "मग मी काय करू?" मी म्हणालो, "तू देखरेख कर." तो "सरी, बरं" म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मशीन आलं आणि अण्णा घरी बसला, असं झालं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं. पुढची दोन वर्षं माझ्या मनात तेवढी एकच धास्ती होती.

* * *

पहिल्याच आयुधपूजेला अण्णाने मशीन स्वतः सजवलं. झेंडूची माळ, उदबत्ती, दारात कोहळा फोडला. मी खूश! म्हटलं, जमलं बुवा दोघांचं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं, तर अक्षरं अर्धवट. कुठे फिकी, कुठे गायबच. तासभर मी सेटिंग बदलत बसलो. शेवटी वाकून लेन्सकडे पाहिलं, तर काचेवर मधोमध गंध आणि त्यावर ठसठशीत कुंकू!

"अण्णा, अरे लेन्सला कुंकू लावतात का?"

अण्णा शांतपणे म्हणाला, "त्याचं कपाळ कुठलं ते आधी सांगायचंस की!"

* * *

लेझरची एक अडचण कंपनीवाला सांगत नाही. काम फार लवकर होतं! एक रिटायर्ड साहेब पाटी करून घ्यायला आले. कॉफी मागवली. कॉफी यायच्या आत पाटी तयार. साहेबांचा चेहरा पडला. "एवढ्यात झाली?" ते पाटी उलटसुलट करून बघू लागले. त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचं नाव होतं ते, आणि चार मिनिटांत उरकलं!

अण्णाने पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. "अजून फिनिशिंग आहे, सार. बसा." आणि तो आत गेला. आतून छिन्नीचा आवाज यायला लागला, टक टक, टक टक. चांगली वीस मिनिटं. साहेब डोळे मिटून ऐकत बसले. मग अण्णा घाम पुसत आला, साहेबांनी पाटी छातीशी धरली आणि खुशीत निघून गेले.

मी आत जाऊन पाहिलं. अण्णा इतका वेळ भंगारातल्या पत्र्यावर ठोकत बसला होता!

मी हसलो खरा, पण तो आवाज किती दिवसांनी ऐकला होता. लहानपणी शाळेतून आलो की गल्लीच्या तोंडाशीच तो ऐकू यायचा, आणि अण्णा घरी आहे हे कळायचं.

* * *

देवनहळ्ळीचे दोन भाऊ आले. शेताचे प्लॉट पाडून लेआउट झालेलं, दोघांनी मिळून एक मोठं घर बांधलेलं. पाटी एकच हवी, पण वर कोणाचं नाव? थोरला म्हणे मी थोरला. धाकटा म्हणे घर मी उभं राहून बांधून घेतलं. माझ्या टेबलावर अर्धा तास भांडण!

अण्णा म्हणाला, "गोल पाटी करू. कडेने दोघांची नावं फिरवू. वर नाही, खाली नाही." मशीनला गोल काय अन् चौकोन काय! झाली पाटी. दोघे खूश होऊन गेले.

संध्याकाळी परत हजर. आता खिळा कोणाच्या नावाकडे मारायचा यावरून जुंपली होती!

अण्णाने पाटीला समोरासमोर दोन भोकं पाडून दिली. "एक महिना ह्याचं वर, एक महिना त्याचं. पाटी फिरवायला वहिन्यांना सांगा, तुम्ही हात लावू नका!"

* * *

आता अण्णा हुबळीला लेकीकडे असतो. वर्कशॉपमध्ये शांतता आहे, आणि ती मला मुळीच आवडत नाही. त्याचा हा एक किस्सा मात्र मी कोणालाही सांगतो.

होसकोटेहून एक म्हाताऱ्या टीचर आल्या. पिशवीतून त्यांनी जुनी पितळी पाटी काढली. त्यावर त्यांच्या यजमानांचं नाव होतं, तीस वर्षांपूर्वी अण्णानेच कोरलेलं. "ते जाऊन दोन वर्षं झाली. पाटी बदलायची नाही. ह्याच पाटीवर, खाली माझं नाव हवं. ह्याच हाताचं."

मी कॉम्प्युटरमधले सगळे फॉन्ट लावून पाहिले. कुठलंही अक्षर वरच्या नावाखाली भाडेकरूसारखं दिसायचं. अण्णाने गपचूप छिन्नी उचलली आणि भंगारावर हात चालवून पाहिला. तीनदा घसरली. त्याने ती खाली ठेवली. मला त्याच्याकडे बघवेना.

मग मशीनकडे बघत तो म्हणाला, "मोठं काढलेलं लहान करता येतं काय रे तुझ्यात?"

"येतं की."

त्याने जुन्या कॅलेंडरची पानं भिंतीवर उलटी चिकटवली आणि कोळशाने टीचरांचं नाव काढायला घेतलं. एकेक अक्षर हातभर उंच, खांद्यापासून हात फिरवत. रेघ जागोजाग हलली होती. मी फोटो काढला, नाव बोटभर केलं, आणि ते हलणं कुठल्या कुठे गेलं. राहिलं फक्त अण्णाचं वळण.

पाटी एकच. चुकली तर दुसरी नाही. मशीनचा लाल उजेड पाटीवर नावाची जागा दाखवत होता. अण्णा पाटी सरकवत होता. "स्वल्प खाली... स्वल्प... हं. सोड."

टीचरांनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. वरून खाली, परत वर. डोळे भरून आले त्यांचे. "अण्णा, तुमचा हात अजून तस्साच आहे हो!"

मी मान खाली घातली. अण्णाने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"हात माझाच आहे, टीचर. थरथर तेवढी ह्याच्या मशीनने काढून घेतली."