थुक अन् खकार

"थुका जी याच्यात," म्हनून मी सुकराम बापूच्या हातात डबी देली. बस, तेवढंच बोललो.

मी लॅबमधला अटेंडंट. चौथीत शाळेनं मले सोडलं. काम काय, तं पेशंटले डबी द्याची, भरून आली का पाहून मॅडमच्या टेबलावर ठेवाची. मॅडम म्हंजे आमच्या टेक्निशियन.

आता टीबीचे जंतू तोंडातल्या थुकात सहसा भेटत नाइ. छातीतून वर येते ना घट्ट, पिवळट खकार, त्याच्यात ते रायते. मॅडम त्याचा काचेवर लेप देते, रंग चढवते, मायक्रोस्कोपखाली पायते. जंतू असले तं निळ्यात लाल काड्या दिसते. मशीनची तपासनी याहून पक्की, पन तिलेही खकारच लागते. हे ट्रेनिंगमध्ये सांगतलं होतं. मी तवा मागं बसून समोशाची वाट पाहून राहिलो होतो.

बापू आंबागडचे. महिनाभर खोकलत होते. लय सभ्य मानूस. पाठ फिरवून हळूच थुकले. डबीत पान्यासारखं, वर फेस. बायको सगुनाबाईनं विचारलं, एवढं पुरते का जी? मी म्हनलो, पुरते, मॅडम काही भाजीत टाकनार नाइ. दोघंही हासले. लोकायले हासवलं का काम झालं, असं मले वाटे.

त्या दिवशी मॅडम एकट्या, टेबल डब्यांनी भरलेलं.

"खकार आहे ना रे?"

"हो मॅडम, एक नंबर."

त्यायनं फॉर्मवर तसंच लिवलं. रिपोर्ट निगेटिव्ह. बापू खुशीत घरी गेले अन् धानाच्या रोवन्याले लागले.

दोन महिन्यानं दोघा जनाच्या खांद्यावर आले. या वक्ती मॅडम सोता बाहेर गेल्या, लंबा श्वास घ्याले लावला, खकार काढून घेतला. मंग मले बलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. लालच लाल. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

गोळ्या सुरू झाल्या, पन उशीर झाला होता. तिसऱ्या हप्त्यात बापू गेले.

सगुनाबाई मंग सोताच्या तपासनीले आल्या. मी म्हनलो, बाई, चूक माझी होती. मले खकार मांगाचा होता.

त्या म्हनल्या, "खकार तं येतच होता जी त्यायले. त्या दिवशी दाराबाहेर दोनदा टाकून आले. म्हने, दवाखान्याच्या डबीत घान कायले द्याची."

मी डबी घेऊन त्यायच्यासंग सोता बाहेर गेलो. जिंदगीत पहिल्यांदा.

बाईचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. गोळ्या चालू हायेत, वजन वाढून राहिलं.

आता मी डबी देल्यावर 'थुका' म्हनतच नाइ. पेशंटले बाहेरच्या निंबाखाली नेतो अन् छातीतून खोकलून, खाकरून दाखवतो. नवे लोक दूर सरकते. यालेच टीबी हाय समजते. समजू देतो.