ढोलकीच्या मशीनला हळदकुंकू

मैत्रिणींनो, आज माझं डोकं नुसतं फिरलंय. मी बोलतेय, सूनबाई टाइप करतेय.

आमच्या भजनाला ढोलकी वाजवणारी सुमन रत्नागिरीला गावी गेली. म्हणून माझ्या लेकानं ढोलकीचं मशीन आणून दिलं. जेवणाच्या डब्याएवढंच, पण बटण दाबलं की काय आवाज! स्पीकरची वायर मीच जोडली, इतकी खूश होते. नवं वाद्य, म्हणून आधी ओलं हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. इथंच चुकलं. ताल हळू-जलद करायचं गोल बटण त्या कुंकवात चिकटून बसलं, आणि तेही जलदवर.

दुपारी सोसायटीतल्या बायका जमल्या. पहिली ओळ नेहमी आमच्या म्हाताऱ्या जनाकाकी उचलतात. मधे त्या दम घेतात, तेव्हा सुमन त्यांच्या तोंडाकडे बघून हात सावकाश करते. हे मशीन कुठलं बघतंय! काकी अर्ध्या ओळीत आणि हे आपलं पुढं धावतंय.

"अगो, त्याला सांग, माझी काय गाडी चुकत नाहीये!" काकी म्हणाल्या. सगळ्या हसल्या. काकी नाही हसल्या. "उद्या त्या सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या भजनाला तुम्ही ह्याच्यासोबतच गा," म्हणाल्या, चपला घातल्या आणि गेल्या.

टूथब्रशनं घासून घासून माझा हात दुखला. तुमच्यापैकी कोणी असलं बटण मोकळं केलंय का? लवकर सांगा गं. नाहीच झालं तर मशीन घरी राहील, आम्ही टाळ्यांवर गाऊ. मी निघालेच काकींना आणायला.