कड्यावरची रंगवलेली टपरी

आमच्या स्केल्बी गावात थर्झामावशीइतकी हट्टी बाई दुसरी झाली नाही, आणि होऊही नये. एकीनेच आम्हाला पुरेसं दमवलं.

युद्धात सैनिकांनी कड्यावर काँक्रीटचा बंकर बांधला आणि जर्मन विमानांना चकवायला त्यावर चहाची टपरी रंगवली. पडदे, लाल फुलांची कुंडी, वर 'चहा मिळेल' अशी पाटी. जर्मन फसले की नाही, देव जाणे. थर्झा फसली. खेकड्यांची टोपली घेऊन दमलेली ती तरणी पोर धुक्यातून वर आली आणि तिने रंगवलेली खिडकी ठोठावली. शेजारच्या फटीतून बंदुकीची नळी बाहेर आली. मग आत कुणीतरी खो खो हसलं, आणि नळीच्या जागी चहाचा मग आला.

"तसला चहा पुन्हा जन्मात प्याले नाही," ती सांगायची. देणाऱ्याचा चेहरा तिला दिसलाच नाही. नुसता हात दिसला.

सैनिक गेले, पाटी राहिली. फिरायला येणारे लोक फसून ठोठावतच राहिले, तेव्हा मावशीने आत स्टोव्ह नेला. पुढे आयुष्यभर तिने त्याच फटीतून चहा दिला. धुक्यात लोकांना तिचा फक्त हात दिसायचा, आणि वाफ. दर ईस्टरला ती कुंडीतली फुलं पुन्हा लाल रंगवायची.

समुद्र मात्र दर हिवाळ्यात कडा खात जवळ येत होता. शेवटी गावच्या कौन्सिलने धोका म्हणून दोरी बांधून तिथली वाट बंद केली. मी स्टोव्ह उचलून घरी आणला.

"मरायचंय का, मावशी?"

"तू आपले खेकडे बघ, अमोस. कुणी ठोठावलं आणि आत कोणीच नसलं तर?"

तिला भीती होती ती एवढीच. हिवाळाभर ती माझ्याशी बोलली नाही.

मार्चमधल्या एका रात्री कडा ढासळला आणि बंकर खाली वाळूत जाऊन बसला. कललेला, पण अख्खा. सकाळी ओहोटीला ती येणारच, हे मला ठाऊक होतं. मी फ्लास्क घेऊन मागच्या दारातून आधीच आत शिरलो, स्वतःलाच शिव्या घालत.

ती काठी टेकत आली. फुलांवरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. मग तिने ठोठावलं.

मी फटीतून चहाचा मग पुढे केला. तिने मगाबरोबर माझा हातही धरून ठेवला. मला रडू आलं, लपवत नाही.

"साखर विसरलास, गाढवा," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "इतक्यात बाहेर येऊ नकोस हं."