काशीबाहेर निघालेला पाय

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात मी देवावर रागावले होते, तिथूनच सुरुवात करते. अनुभव लिहिणारी माणसं आधी आपली श्रद्धा सांगतात. माझी तेव्हा फारशी उरली नव्हती.

डाव्या टाचेखाली काळा डाग आला होता. दुर्गाघाटावर आमचं घर, अनवाणी पायऱ्या उतरून रोजचं गंगास्नान, त्यामुळे टाचेला काही ना काही लागलेलं असायचंच. मला वाटलं, नावेचं डांबर असेल. वर्षभर वजरीने घासत राहिले. डाग गेला नाही, पसरला, मग त्यातून रक्त यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मेलानोमा हा शब्द सांगितला. कातडीचा कर्करोग. टाचेचा लचका काढला, जखम पुरती भरली नव्हती तरी बरं वाटलं, आणि आठ महिन्यांनी जांघेत गाठी आल्या, फुप्फुसावर ठिपके दिसले. आता कापून भागणार नाही, असं त्या म्हणाल्या. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, क्लिनिकल ट्रायल म्हणतात, त्यात तुमचं नाव बसू शकतं. पण ती इथे नाही, गंगेपलीकडच्या एका रुग्णालयात आहे. पंधरा दिवसांत काय ते सांगा.

दुसऱ्या कोणाला यात अडचण दिसली नसती. मला होती. हे गेले तेव्हा तेराव्यानंतर मी हातात पाणी घेऊन क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. काशीत मरण आलं की सुटका, म्हणून एकदा आत बसलेल्याने बाहेर पाऊल टाकायचं नाही. अकरा वर्षं टाकलं नाही. मुलगा नागपूरला बँकेत आहे. त्याच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तो फोनवर रडला, तरी मी गेले नाही. घाटावरच्या बायका सुनांना माझं उदाहरण द्यायच्या, निश्चय असा असावा म्हणून. मला ते आवडायचं. गर्व होता, लिहून टाकते म्हणजे संपला. आणि पलीकडच्या काठाबद्दल इथे काय म्हणतात तेही सांगायला हवं. तिथे मरतो तो पुढच्या जन्मी गाढव होतो. लोक हसत हसत सांगतात, पण कोणी तिथे मरायला जात नाही.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी नणंद. वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, लग्नानंतर वर्षातच माहेरी परतलेल्या. मी संकल्पाचं पाणी सोडलं तेव्हा शेजारी त्याच बसल्या होत्या. पलीकडच्या औषधाचं त्यांना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पलीकडे गेलात तर गाढव व्हाल, वहिनी.”

“झाले तर तुमच्याच दारात येऊन ओरडेन.”

“आत्ता काय वेगळं करता?”

त्यानंतर दोन दिवस आम्ही बोललो नाही.

डॉक्टरीणबाईंनी हिंदीत छापलेली वीस-बावीस पानं दिली होती, घरी नेऊन सावकाश वाचा म्हणून. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पोथ्या वाचून अक्षराची भीती गेलेली. ती पानं मी देवापुढे पाटावर ठेवली आणि रोज दोन-दोन वाचली, ओळीवर बोट ठेवून. त्यात गोड काही नव्हतं. फायदा होईलच असं नाही. त्रास होऊ शकतो, पोटाला, यकृताला, श्वासाला. कधी जिवावरही बेतू शकतं. नेहमीचं औषध सगळ्यांना मिळणार. त्याच्या जोडीला अर्ध्यांना नवं औषध आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि ते मला कळणार नाही, देणाऱ्या डॉक्टरलाही कळणार नाही. इतकं खरं बोलणारी पोथी मी आधी वाचली नव्हती. एका पानावर लिहिलं होतं की तुम्ही केव्हाही, कारण न सांगता, यातून बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमच्या पुढच्या उपचारात काही कमी होणार नाही. त्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. माझ्या संकल्पात असं वाक्य नव्हतं. माणसांनी केलेल्या कागदात दार ठेवलेलं होतं. माझ्या संकल्पात ते ठेवायला देवाने नको म्हटलं होतं, की मीच मागितलं नव्हतं, ते मला आठवेना.

त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं. अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले की काशीत मरणाची वाट बघत बसले आहे. आणि मरण दाराशी आलं तेव्हा मला ते नको होतं. मला जगायचं होतं. कशासाठी, ते विचारू नका. सत्तरी ओलांडलेल्या बाईने कारण दिलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. लाज एवढीच वाटली की नातीच्या लग्नाला जो पाय निघाला नाही, तो स्वतःच्या जिवासाठी निघू बघत होता. ब्रह्माघाटावर एकाहून एक शास्त्री आहेत. एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं. विश्वनाथाला म्हटलं, तूच काय ते बघ. त्याला समर्पण म्हणता येणार नाही. वैतागून म्हटलं होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी निघाले. आमच्या गल्ल्यांत गाडी येत नाही, आणि रस्त्यापर्यंत त्या टाचेने चालवत नव्हतं. त्यापेक्षा घाट जवळ. पायऱ्या बसून बसून उतरले. खाली पोचून बघते तर मागे वन्सं, शाल गुंडाळून, हातात गंगाजलाचा गडू, त्यात तुळशीचं पान. म्हणाल्या, “तिकडे मेलात तर तोंडात घालायला कोणी नको का?”

धुकं असं होतं की पाणी कुठे संपतं ते दिसत नव्हतं. मल्लाहाने नाव सोडली आणि दहा हातांवर घाट पुसला गेला. घंटा वाजत होत्या त्या आधी मागून ऐकू आल्या, मग बाजूने, मग कुठूनच नाही. थोड्या वेळाने मल्लाहाने वल्ही उचलून धरली आणि कान देऊन बसला. वाट त्यालाही कळत नव्हती. पाणी आम्हाला नेत होतं. लहानपणी तापात मला असं व्हायचं, अंथरूण तरंगायला लागायचं आणि आईचा हात आहे की नाही ते कळायचं नाही. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. अकरा वर्षं मी त्या सीमेची आठवण ठेवून जगले, आणि इथे ती कुठे गेली ते सांगता येत नव्हतं. आपण काशीत आहोत की बाहेर? हे मी मोठ्याने विचारलं असावं, कारण नावेच्या पुढच्या टोकाकडून हुंकार आला.

तिथे एक म्हातारा बसला होता. आमच्या आधीपासून होता, मी त्याला गाठोडं समजले होते. अंगावर घोंगडी, डोक्याला गमछा, पुढ्यात पितळी लोटा, पैलवानांचे असतात तसे चुरगळलेले कान. जुने बनारसी लोक सकाळी लोटा घेऊन पलीकडच्या वाळूत जातात आणि मोकळे होऊन, अंघोळ करून परततात. काशीची भूमी खराब करायची नाही म्हणून. माझे सासरेही जायचे. मी ते विसरूनच गेले होते. त्याने काय झालं ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं, टाच, व्रत, नातीचं लग्न. तोंड नीट दिसत नसलेल्या माणसाला सांगणं सोपं जातं. त्याने गालातला तंबाखू सरकवला आणि म्हणाला, “साठ बरिस से रोज पार जाइला, माई. जे लउट आवे, ऊ गयल कहाँ?”

साठ वर्षं रोज पार जातो. जो परत येतो, तो गेला कुठे?

दोन आठवड्यांत पहिल्यांदा वन्सं हसल्या. “बाबा रोज जायचे,” त्या म्हणाल्या. “त्यांना कोणी गाढव म्हटलं नाही.”

“सासूबाई म्हणायच्या,” मी म्हटलं.

नाव वाळूला कशी लागली ते मल्लाहालाही सांगता आलं नसतं. पुढे ओल्या वाळूचा पट्टा, मग चढ, मग रस्ता, तिथे सांगून ठेवलेली रिक्षा. मी बांधलेला पाय खाली टेकवणार, तोच त्या म्हाताऱ्याने आपला लोटा माझ्या हातात दिला आणि पाठ वळवून वाकला. या वयात मी पाठुंगळी बसले. त्याच्या अंगाला मोहरीच्या तेलाचा आणि तंबाखूचा वास येत होता. चालताना त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटलं हा रस्ता असाच चालू राहिला तरी चालेल. रिक्षात बसवून त्याने लोटा घेतला आणि ज्या कामाला आला होता त्या कामाला धुक्यात निघून गेला. रुग्णालयाच्या दारात चाकाची खुर्ची आली. परतताना मल्लाहाने रिक्षातून उचलून नावेत ठेवलं. घरी आल्यावर लक्षात आलं, त्या दिवशी माझा पाय पलीकडच्या मातीला लागलाच नव्हता.

रुग्णालयात नर्सने सगळं पुन्हा समजावलं आणि विचारलं, “अंगूठा लगाएँगी, अम्मा?” मी म्हटलं, सही करणार, चौथी पास आहे. आणि एकच प्रश्न विचारला, वाटलं तर सोडता येईल ना. “जब चाहें,” ती म्हणाली. मला सोडायचं नव्हतं. दार खरंच आहे ना, तेवढं बघून घ्यायचं होतं.

परतीला धुकं विरलं होतं. नावेतून समोर काशी दिसली, घाटाला लागून घाट, नदीच्या वळणाबरोबर वळत गेलेले, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, ऊन. आमच्या खिडकीत माकड बसलेलं तेही दिसलं. “खिडकी उघडी टाकलीत,” वन्सं म्हणाल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे राहते, पण आत राहिलं की गल्लीच दिसते. त्या दिवशी मी काशीला पहिल्यांदा बाहेरून नमस्कार केला.

नंतर दर तीन आठवड्यांनी पार जाणं सुरू झालं. पिंडीवरच्या गळतीतून पडावा तसा बाटलीतून थेंब थेंब पडतो. मी बघत बसते, डोळा लागतो, हे दिसतात, पाण्यात उभे राहून धोतर पिळत असतात, बोलत मात्र नाहीत. मध्ये जुलाबांनी आठ दिवस उठू दिलं नाही, औषध महिनाभर थांबवावं लागलं. आता जांघेतल्या गाठी आटल्या आहेत. फुप्फुसावरचा एक ठिपका गेला, दुसरा आहे तेवढाच आहे. मला नवं औषध मिळतं की मिठाचं पाणी, अजून कोणाला ठाऊक नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शाळामास्तरीण असायची, माझ्याहून तीस वर्षांनी लहान, सतत जप करणारी. ती गेली. तिची श्रद्धा माझ्यापेक्षा कमी नव्हती, जास्तच होती. म्हणून कृपा कोणावर का होते, हे मी कोणाला शिकवायला जात नाही.

नातीला फोन करून सांगितलं, तुझ्या लग्नाला पाय निघाला नाही आणि जिवासाठी निघाला. ती म्हणाली, “निघाला ना, आजी? मग झालं.”

तो म्हातारा पुन्हा भेटला नाही. मल्लाह म्हणतो, लोटा घेऊन बसणारे पुष्कळ, कोणाकोणाला लक्षात ठेवायचं. तो कोण होता हे वन्संना पक्कं माहीत आहे, आणि त्या ते सगळ्या घाटाला सांगतात. मला एवढंच माहीत आहे की त्याला तंबाखूचा वास येत होता. दोन्ही खरं असायला हरकत नाही. वैतागून का होईना, मी विश्वनाथाला म्हटलं होतं तूच बघ, आणि पाठ वाकवून कोणीतरी बघितलं. तेवढ्यावर मी आजन्म ऋणी आहे. अकरा वर्षं मी काशीला घट्ट धरून बसले होते, आपण सोडली तर सुटेल असं समजून. आता दर तीन आठवड्यांनी सोडते आणि ती दुपारी परत आत घेते. एखाद्या दिवशी नाव उलटली किंवा बाटलीखालीच डोळा मिटला, तर कुठे न्यायचं ते त्याने बघावं.

वन्सं अजून प्रत्येक खेपेला गडू भरून, तुळशीचं पान घालून बरोबर येतात. घरी परतल्यावर ते पाणी तुळशीला घालतात आणि पुढच्या खेपेला नवं भरतात. आतापर्यंत तरी ते तुळशीलाच गेलं आहे.